पिसांच्या कोटाची परीक्षा

टर्नबुल साहेबांच्या व्हरांड्यात दोन खुर्च्यांवर दोन कोट बसवले होते आणि नवशा त्यांच्यासमोर उभा होता. माणूस उभा आणि कोट बसलेले, हे असं का, ते विचारायची लोणावळ्यात पद्धत नव्हती. साहेब रेल्वेतले मोठे अधिकारी. घाटातले बोगदे त्यांच्या हाताखाली. दर वर्षी दिवाळी झाली की रजा काढायची आणि हिमालयात जाऊन भर थंडीत बर्फ चढायचा, हा त्यांचा छंद. आता छंद साहेबांचा असला तरी सामान काही साहेब उचलत नसत. त्यासाठी नागफणीच्या पायथ्याच्या वाड्यांतून सहा हमाल निवडले जात, कारण ती माणसं कड्यावर अनवाणी चढतात हे साहेबांनी दुर्बिणीतून पाहिलेलं होतं. नवशा हा यंदाच्या सहांतला एक.

"नीट ऐक," महिपती म्हणाला. महिपती साहेबांचा कारकून. पुण्यात चार इयत्ता इंग्रजी शिकलेला. "हा खाकी कोट मुंबईत शिवून घेतलाय. आत कापूस. आणि हा विलायतेहून आलाय. आत बदकाच्या छातीची पिसं. यातला जास्त उबेचा कोणता ते ठरवायचं आणि तसले सहा कोट हमालांसाठी करायचे."

नवशाने दोन्ही उचलून पाहिले. कापसाचा दोन हातांनी उचलावा लागत होता. पिसांचा नुसता फुगलेला, हातात घेतला तर काही घेतल्यासारखंच वाटेना.

"ह्येच्यात तर कायच न्हाई," तो म्हणाला.

"तेच तर बघायचंय. बर्फाच्या कारखान्यात भिमाजीच्या ताब्यात बर्फाची कोठी आहे ना? तिथं रोज साडेदहा ते साडेअकरा तू बसायचं. एक दिवस पिसांचा घालून, एक दिवस कापसाचा. सहा दिवस."

साहेबांना यात आस्था होती हे कबूल केलं पाहिजे. आदल्या वर्षी त्यांच्या हमालांपैकी बुधा नावाचा एक जण बर्फात रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही. बुधा हा नवशाच्या बायकोचा, पुतळाबाईचा, पाठचा भाऊ. साहेबांनी परत आल्यावर पुतळाबाईला स्वतःच्या हाताने चहाचा एक डबा दिला होता. तिच्या घरी चहा कोणी पीत नव्हतं, पण दुःखाच्या वेळी असलं कोण बघतो?

साहेबांनी सरकारी परीक्षेसाठी मराठी शिकून घेतली होती आणि ती त्यांना सोडवत नव्हती. ते पुढे झाले. "तुझी प्रकृती निरोगी आहे किंवा कसे?"

"निरोगी हाय साहेब," नवशा म्हणाला, आणि विचारलेल्यातलं काही राहायला नको म्हणून त्याने जोडलं, "आन् किंवा कसं बी हाय."

इथे नवशा खोटं बोलला. त्याला गेले दोन महिने तिजारी येत होती. तिजारी म्हणजे एक दिवस आड येणारा हिवताप. घड्याळ लावल्यासारखी सकाळी अकराला यायची, तासभर हाडं खुळखुळवायची, मग अंगाची भट्टी करायची आणि दुपार कलली की जायची. मधला एक दिवस माणूस धडधाकट. पण तापाचा माणूस साहेब नेत नसत, आणि बर्फावरून परत येईल त्याला रेल्वेत कायमची नोकरी, असा त्यांचा शब्द होता. जंगलखात्याने कोळशाच्या भट्ट्या बंद केल्यापासून वाडीतली माणसं कंद उकडून दिवस काढत होती. अशा वेळी 'निरोगी आहेस का' या प्रश्नाला दुसरं उत्तर कोण देईल? मी तरी दिलं नसतं.

शिवाय नवशाचा एक हिशेब होता. त्या वाड्यांमध्ये तिजारी औषधाने नाही, चुकवून घालवतात. पाळीच्या, म्हणजे ताप यायच्या, दिवशी त्याची वेळ व्हायच्या आत माणसाने घर सोडायचं, दुसऱ्याचे कपडे घालायचे आणि भलत्याच ठिकाणी जाऊन बसायचं. ताप येतो, घर धुंडतो, माणूस सापडत नाही म्हणून परत जातो. एक पाळी चुकली की तिजारी मोडली. नवशाला वाटलं, आपल्याला तर देवच पावला. अंगात साहेबाचा कोट, बसायला बर्फाची कोठी, बाहेरून भिमाजीचा अडसर. इथे ताप कुठून येणार?

सोमवारी पाळी होती. साहेबांनी पहिल्या दिवशी पिसांचा कोट दिला. नवशा कोठीत लाकडी पेटीवर बसला. चारी बाजूंनी भुशात गाडलेल्या बर्फाच्या लाद्या, अमोनियाचा डोळ्यांत जाणारा वास. आधी त्याला मोठं नवल वाटलं. कोटात अगदी चुलीपाशी बसल्यासारखी ऊब होती. तो डुलक्या घेऊ लागला. आणि अकराला ताप आला.

भिमाजीने दाराच्या झरोक्यातून पाहिलं आणि तो दचकला. "साहेब, ह्यो तर पेटीसकट हालतोय!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं, वहीत लिहिलं. "तुला थंडी वाजते किंवा कसे?"

"न्... न्... न्हाई," नवशा म्हणाला. पण दातांचा आवाज बाहेर चुन्याच्या भट्टीवरच्या लोकांनाही ऐकू गेला होता.

त्याला उचलून उन्हात आणलं. थोड्या वेळाने त्याचं अंग तापलं, तोंड लाल झालं. महिपती समाधानाने म्हणाला, "बघा, ऊन लागल्याबरोबर कसा गरम झाला! म्हणजे सगळा दोष कोटाचाच."

मंगळवारी कापसाचा कोट. पाळी नव्हती. थंडी वाजत होती, चांगलीच वाजत होती, पण कालची थंडी सोसलेल्या माणसाला ती काय? नवशा तासभर मांडी घालून बसला आणि वर गाणं म्हणाला. बुधवारी पिसं, आणि नवशा पेटीवरून खाली पडला. गुरुवारी कापूस, आणि त्याने भिमाजीकडे आतूनच विडी मागितली. शुक्रवारी पिसं. शुक्रवारचं सांगवत नाही. शनिवारी कापूस, पुन्हा ठणठणीत.

साहेबांच्या वहीत सहा ओळी झाल्या. तीनदा पिसं, तीनदा हुडहुडी. तीनदा कापूस, तीनदा आराम. साहेबांनी आयुष्यात इतका स्वच्छ निकाल पाहिला नव्हता. शनिवारी दुपारी व्हरांड्यात सगळ्या हमालांसमोर त्यांनी कापसाचा कोट उचलून दाखवला आणि तसले सहा शिवायला टाकायला आणि निकाल विलायतेतल्या बर्फ चढणाऱ्यांच्या मंडळीला कळवायला सांगितलं.

नवशा खुशीत फाटकाबाहेर आला. तिथे गेणू बसला होता. गेणू गेल्या वर्षी बुधाबरोबर होता. उजव्या हाताची चार बोटं त्याने तिकडेच ठेवली होती, आणि साहेबांचा शब्द होता तरी बोटांशिवाय रेल्वेत पहार धरता येत नाही म्हणून त्याची नोकरीही तिकडेच राहिली होती.

"कंचा ठरला?" गेणूने विचारलं.

"कापसाचा. चांगला वजनदार हाय."

गेणूने थोटा हात मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "आमास्नी त्योच व्हता."

"कापसाचा?"

"चढताना घाम येतो. कापूस त्यो घाम पितो. राती त्याचा दगूड व्हतो, नवशा. बुधाला सकाळी उचलला तवा कोट काढता येईना. कोटासंगट पुरला आमी त्येला."

"आन् साहेबाला काय झालं न्हाई?"

"साहेब येगळ्या तंबूत असतोय. आमाला काय ठावं तो काय घालतोय."

नवशा तिथेच खाली बसला. आता सगळं त्याला लख्ख दिसलं. वाडीत पुतळाबाई पाळीच्या दिवशी भिंतीवर कोळशाने रेघ ओढत असे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्याच दिवशी पिसं. पिसांच्या कोटात तर ताप यायच्या आधी डुलकी लागली होती. म्हणजे ऊब होती ती त्यातच, आणि आपल्या तिजारीने सहा माणसांच्या अंगावर बुधाचा कोट चढवला होता. खरं सांगावं तर नोकरी गेली. न सांगावं तर आपण गेलो, आणि बरोबर आणखी पाच जण.

माणूस अडचणीत आला की त्याला कधी नव्हे ते गणित येतं. नवशाने बोटांवर मोजलं. शुक्रवारनंतर पाळी रविवारी. रविवारी परीक्षा नाही. पुढची पाळी मंगळवारी. म्हणजे सोमवार मोकळा! सोमवारी पिसांचा कोट घालून कोठीत बसलं की साहेबाला डोळ्यांनी दिसेल, आणि तापाचं नावही काढायला नको.

तो तसाच मागे फिरला. "साहेब, त्यो पिसाचा कोट सोमवारी आजून येकडाव बगू द्या."

महिपतीने कपाळाला आठ्या घातल्या, पण साहेब भारावून गेले. सातवी ओळ! एका निरक्षर माणसाने शास्त्राची गरज ओळखली होती. त्यांनी ताबडतोब होकार दिला.

नवशाने ही मसलत बायकोला सांगितली असती तर पुढचं टळलं असतं. पण सांगायची तर कापसाच्या कोटाचं सांगावं लागलं असतं, बुधाचं सांगावं लागलं असतं. त्याची जीभ रेटली नाही. पुतळाबाईला एवढंच माहीत होतं, की नवरा बर्फात जायचा हट्ट सोडत नाही, आणि तिजारी घेऊन गेला तर तिकडेच संपेल. आठवड्यात पहिल्यांदाच पाळीच्या दिवशी तो घरी होता. ती संधी ती सोडते थोडीच!

रविवारी सकाळी तिने त्याला आपलं लुगडं नेसवलं, तोंडावर पदर घेतला आणि पलीकडच्या वाडीत झुंबरबाईच्या शेळ्यांच्या खोपटात नेऊन बसवलं. घरी त्याच्या जागी वरवंटा ठेवला, वरवंट्याला त्याचं मुंडासं बांधलं आणि वर घोंगडी घातली.

"आगं पुतळे, लोकं काय म्हनतील?"

"काय म्हनायचं ते म्हनूंद्या. तोंड झाका. अकरा वाजाया आलं."

अकरा वाजले, बारा वाजले. नवशाला काही झालं नाही. पुतळाबाईने घरी जाऊन वरवंट्याला हात लावला तर तो उन्हाच्या तिरीपीने गरम झालेला. ती धावतच खोपटात आली. "आवं, चुकला! वरवंट्याला आला!" नवशाच्याही डोळ्यांत पाणी आलं. लुगडं नेसलेल्या स्थितीतच त्याने बायकोचे दोन्ही हात धरले. दोन महिन्यांनी त्या घरात कोणी हसलं.

सोमवारी तो छाती काढून कोठीत शिरला. पिसांच्या कोटाची ऊब अंगात पसरली. दाराच्या झरोक्याला साहेबांचा निळा डोळा लागला होता, आणि नवशा त्या डोळ्याकडे पाहून हसतसुद्धा होता. इतक्यात कारखान्याच्या घड्याळाने अकराचे ठोके द्यायला सुरुवात केली. पाचव्या ठोक्याला त्याचं हसू थरथरायला लागलं.

वरवंट्याने फसवलेला ताप एक दिवस उशिरा आला होता, आणि रागावून आला होता. भिमाजीने आणि आणखी दोघांनी नवशाला बाहेर ओढलं तेव्हा त्याचे डोळे पांढरे झाले होते. साहेबांनी सातवी ओळ लिहिली, तिच्याखाली दोन रेघा मारल्या आणि ते जेवायला गेले.

"महिपतराव!" नवशा जमिनीवरूनच ओरडला. "मला तिजारी हाय! कोटाचा काय दोस न्हाई. कापसाचा कोट मान्सं मारतोय. साहेबास्नी सांगा!"

"साहेब जेवताहेत," महिपती म्हणाला. "जेवताना हमालांच्या तक्रारी सांगायच्या नाहीत, असा हुकूम आहे. उद्या सांगेन."

महिपती शब्दाचा पक्का. मंगळवारी त्याने सांगितलं. साहेबांनी लगेच आपली तापाची काचेची नळी काढून नवशाच्या जिभेखाली ठेवली. मंगळवार हा आता मधला दिवस झाला होता. नळीने नवशा उत्तम असल्याचं सांगितलं.

"तुला ज्वर नाही," साहेब खिन्नपणे म्हणाले. "तुला भय आहे."

"भ्याला तो साहेब," महिपतीने पुस्ती जोडली. "बुधाचा मेहुणा ना. दर वर्षी निघायच्या आदल्या दिवशी एकेकाला ताप येतोच. पण नवशा, कागदावर अंगठा दिलायस. आता पळालास तर पोलीस पाटलाला घेऊन येईन."

त्या संध्याकाळी नवशाने पुतळाबाईला सगळं सांगितलं. कोटाचं, गेणूचं आणि बुधाला कसं पुरलं तेही. ती चुलीपुढे बसून होती. रडली नाही. चुलीतलं लाकूड आत सारून म्हणाली, "म्या रविवारी वरवंटा ठेवला नसता तर..."

"तुज्या मनात वाईट न्हवतं."

"कुनाच्याच मनात न्हवतं," ती म्हणाली. "साहेबाच्या बी न्हवतं."

बुधवारी सकाळी लोणावळ्याच्या फलाटावर सहा हमाल नवे, ताठ, खाकी कोट काखेत धरून उभे होते. कल्याणकडे जाणारी गाडी अकराची. निरोपाला वाडीची पंचवीस माणसं आलेली, गेणू आलेला, पुतळाबाई खांबाला टेकून उभी. गाडी फलाटाला लागली, आणि नवशा भर उन्हात, सगळ्यांच्या देखत, लटपटत खाली बसला.

साहेब वाईट माणूस नव्हते. ते स्वतः धावत आले. "माझी पेटी उघड! माझा कोट आण!" महिपतीने पेटी उघडली. आतून पिसांचा कोट निघाला. जुना, कोपरांवर ठिगळं लावलेला, बर्फाच्या दहा मोसमांत वापरलेला. साहेबांनी तो नवशाच्या अंगावर घातला आणि गळ्यापर्यंत नीट बंद केला.

गेणू बघत राहिला. "साहेबाचा कोट पिसाचा?"

"मग?" महिपती म्हणाला. "साहेब काय तुमच्या परीक्षेसाठी थांबले होते? पिसं उबदार असतात हे त्यांना ठाऊकच आहे. परीक्षा तुमच्या अंगाची होती. हिंदी माणसाला ती मानवतात का, एवढंच बघायचं होतं."

नवशा थरथरतच होता. उन्हात, पिसांच्या कोटात. साहेबांनी वही काढून आठवी ओळ लिहिली. शंकेला आता कुठे जागाच उरली नव्हती. "हा मनुष्य थंडीस अयोग्य आहे, यास येथेच ठेवा," ते म्हणाले. गार्डाने शिटी फुंकली, साहेब डब्यात चढले, पाच हमाल सहा कापसाचे कोट घेऊन मागच्या डब्यात कोंबले गेले आणि गाडी हलली. मग खिडकीतून साहेबांचं डोकं बाहेर आलं.

"महिपती! माझा कोट!"

महिपतीने कोट ओढला. पण हुडहुडी भरलेल्या माणसाच्या मुठी सुटत नसतात. नवशाने कोटाच्या दोन्ही बाह्या आतून घट्ट धरल्या होत्या. महिपती ओढतोय, भिमाजी बोटं उलगडतोय, आणि पुतळाबाई, इतका वेळ खांबाला टेकलेली, येऊन नवऱ्याच्या छातीवर आडवी पडली. गाडी सिग्नलच्या पुढे गेली.

भुसावळहून साहेबांची तार आली, 'कोट पाठवा.' महिपतीने पार्सल बांधून स्टेशनवर नेलं. पार्सलबाबूने पत्ता विचारला. महिपती म्हणाला, "हिमालय." बाबू म्हणाला, त्या नावाचं स्टेशन त्याच्या पुस्तकात नाही. कोट परत वाडीत गेला, 'जपून ठेव, घालू नकोस' अशा ताकिदीसह. नवशाने तो दोन महिने अंगावेगळा केला नाही.

साहेब पौषात परतले. पाचही हमाल जिवंत होते. नवशाच्या वाटच्या कापसाच्या कोटात पहिली रात्र साहेबांना स्वतःला काढावी लागली होती, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी सगळ्यांना खाली उतरवलं होतं. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं कमी झाली होती. पाच घरांत चूल पेटली ती त्या दोन बोटांमुळे, असं मी म्हणेन, मग कोणाला कितीही राग येवो.

नवशा कोट परत द्यायला व्हरांड्यात आला. पुतळाबाई पायरीवर थांबली. साहेबांचा हात गळ्यातल्या फडक्यात होता.

"हा कोट तू वापरलास?"

"व्हय साहेब."

"उबदार वाटला किंवा कसे?"

महिपती डोळ्यांनी खुणावत होता. नवशाने तिकडे पाहिलं नाही. "येक दिस आड, साहेब."

"म्हणजे?"

"ताप नसंल त्या दिशी लय ऊब. तापाच्या दिशी चुलीत बसलो तरी न्हाई."

साहेबांनी वही मागवली. सोमवार, बुधवार, शुक्रवार. ते ओठांतल्या ओठांत वाचत होते. मग पुन्हा सोमवार. पुन्हा बुधवार. वाचून झाल्यावरही त्यांनी मान वर केली नाही.

"बुधाला कापसाचाच कोट दिला होता," ते म्हणाले. हा प्रश्न नव्हता, पण पायरीवरून पुतळाबाईने उत्तर दिलं.

"व्हय साहेब. कापसाचाच."

साहेबांनी वहीच्या पानावर काट मारली. ती इतक्या जोरात मारली की कागद फाटला. "महिपती, हे असत्य आहे. विलायतेच्या मंडळीस आजच पत्र लिही."

महिपतीने घसा खाकरला. तो कर्तबगार कारकून होता, आणि साहेब नसताना त्याने एकही काम पडू दिलं नव्हतं.

"साहेब, तो निकाल मी तुमच्या सांगण्यावरून मागेच पाठवला. त्यांच्या मासिकात छापूनही आला. हिंदी माणसाच्या अंगाला पिसं मानवत नाहीत, असा." त्याने कागदांतून तीन लिफाफे काढून पुढे ठेवले. "पुढच्या थंडीत जाणाऱ्या तीन साहेबांनी आपले आभार मानलेत. चाळीस कोटांची मागणी आलीय. कापसाचे. हमालही आपल्याच वाड्यांतले हवेत म्हणतात, आणि नवे कोट मिळणार म्हटल्यावर सगळ्यांनी आनंदाने अंगठे दिलेत."